सोलापूर ते कास, पायडल मारत

सोलापूरच्या पोरांना धबधबा म्हटलं की नळदुर्ग आठवतो. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या त्या किल्ल्यात बोरी नदीला बांध घालून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बांधाच्या पोटातच पाणीमहाल उभा केला. बोरी भरून आली की पाणी दोन सांडव्यांवरून खाली झेपावतं. त्यांना नर-मादी म्हणतात. म्हणजे आमच्याकडे धबधबासुद्धा कुणीतरी बांधावा लागतो. तळ्यांचंही तेच. गावातलं सिद्धेश्वर तळं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावावर, हिप्परग्याजवळचं एकरुख इंग्रजांच्या नावावर. नळाला पाणी काही दिवसांआड. अशा गावातल्या कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींचा एक सायकल गट श्रावण सरता सरता साताऱ्याच्या पश्चिमेचे धबधबे बघायला निघाला. वाटेतली जुनी ठिकाणंही बघायची होती. मी त्यांच्याबरोबर होतो. वयानं सगळ्यांत मोठा आणि चढावर सगळ्यांत मागे.

गटात सगळे नमुने होते. पूर्व भागातली, घरी टॉवेलचे यंत्रमाग असलेली एक मुलगी. ती घरी तेलुगू बोलते, मैत्रिणींशी मराठी आणि चेन उतरली की दोन्ही. पॉलिटेक्निकचा एक काटक मुलगा, ज्याची सायकल त्याच्या मोठ्या भावाची आणि त्याआधी वडिलांची. पंक्चरच्या दुकानात वाढलेला एकजण, ज्याच्या पिशवीत सोल्युशन, पॅच आणि कानस यांशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि गिअरच्या महागड्या सायकलींवरचे दोघे मित्र, हेल्मेटवर कॅमेरा लावलेले. प्रत्येकाच्या डब्यात मात्र एकच मेनू: मालदांडी ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ही भाकरी आठवडाभर टिकते एवढं त्यांच्या आयांना ठाऊक होतं.

पंढरपुरात आषाढीची गर्दी ओसरली होती. वाळवंटात घोडे उभे, होड्या रिकाम्या, बुक्क्याच्या दुकानांत दुपारची झोप. पोरांनी कळसाचं दर्शन घेतलं आणि पिलीवचा रस्ता धरला. तिथून पुढे वाऱ्याशी गाठ पडली.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, एवढं भूगोलाच्या पुस्तकात असतं. पश्चिमेकडे तोंड करून सायकल चालवली की ते मांड्यांना समजतं. पिलीव-म्हसवडच्या उघड्या माळावर झाडाचा आडोसा नाही, रस्ता सपाट दिसतो आणि सायकल पुढे सरकत नाही. ढग डोक्यावरून भरभर जातात, पण थांबत नाहीत. सह्याद्रीवर पाऊस सांडून आलेले हे रिकामे ढग. माण तालुक्यात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरात सुमारे ५,५०० मिलिमीटर. एका जिल्ह्यात दहा-अकरा पटींचं अंतर. मोटारीतून जाताना ते काचेबाहेर राहतं.

गिअरवाले दोघे वाऱ्यात मान खाली घालून झगडत असताना बाजूनं शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली आल्या. साध्या काळ्या सायकली, पुढे दप्तर, केसांना लाल रिबिनी. एकमेकींशी बोलत बोलत त्यांनी सोलापूरला मागे टाकलं. त्यांतली एक वळून म्हणाली, “दादा, वारं कडंनं घ्या की, छातीवर कशाला घेताय?” पंक्चरवाला इतका हसला की त्याला उतरावं लागलं.

या भागात मुलींच्या सायकलीला वजन आहे. म्हसवडमध्ये १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, ग्रामीण बायकांनी बायकांसाठी चालवलेली. त्यांच्या फाउंडेशननं लांबच्या वाड्यांवरून शाळेला येणाऱ्या मुलींना सायकली देण्याचंही काम केलं. शाळा लांब असली की मुलगी सातवी-आठवीतच घरी बसते. सायकल मिळाली की दहावीपर्यंत तरी जाते. याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. माळावरचं हे वारं लहानपणापासून छातीवर घेतलं की काय होतं, याचं उत्तर पोरांना त्या दुपारी मिळालं.

म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ आहे आणि खाली माणगंगा. नदीत डबकी होती. देवळाच्या ओवरीत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “कुटनं आलायसा?” सोलापूर म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न पाण्याचा: “तुमच्यात पडला का?” गावाचं नाव, आडनाव, जात, काम यांतलं काही नाही, पाऊस पडला का. पुढच्या वाटेवर प्रत्येक चहाच्या टपरीवर हाच प्रश्न आला, आणि जसजसे आम्ही पश्चिमेला सरकलो तसतसा तो बदलत गेला. कोरेगावात “पाऊस बरा हाय का?” झाला, परळी खोऱ्यात “उघडीप हाय का तिकडं?” आणि कासजवळच्या वस्तीवर “ऊन पडतं का वो तुमच्याकडं?”

भाकरीही अशीच बदलली. डब्यातली ज्वारी म्हसवडपर्यंत संपली. माणमध्ये एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो तर घरातल्या मावशींनी बसवूनच घेतलं आणि बाजरीची जाड भाकरी, मुगाची आमटी आणि खर्डा पुढे ठेवला. सोलापुरात पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथं आधी तांब्याभर पाणी येतं, आणि ते पाणी पाहुण्यानं निम्मं टाकलं तर कपाळाला आठ्या पडतात. यंत्रमागवाल्या मुलीनं उरलेलं पाणी दारातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं. मावशी खूश झाल्या. त्यांचा मुलगा कोइमतूरला गलाईच्या दुकानात असतो. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या या धंद्यात माण, खटाव, आटपाडी, खानापूरची माणसं भारतभर पसरली आहेत. दुष्काळानं त्यांना बाहेर काढलं आणि भट्टीनं जगवलं. मुलगा दिवाळीला येतो, असं मावशी म्हणाल्या, आणि ताटात अजून एक भाकरी पडली.

गोंदवल्यात ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधिमंदिरात वाढपी हा एक वेगळाच स्वभाव भेटतो. महाराजांनी (१८४५–१९१३) नामस्मरणाबरोबर अन्नदानावर भर दिला आणि ती रीत आजही चालू आहे. कुणी कुठला, कुणी विचारत नाही. पुण्याहून सेवेला आलेले एक निवृत्त गृहस्थ सायकलवाल्या पोरांच्या पानात भात वाढताना म्हणाले, “लाजू नका, चढ पुढं आहे.” दुष्काळी मुलुखात, जिथं पाणी ओंजळीनं मोजतात, तिथं अन्न मोजायचं नाही ही रीत शंभर वर्षांहून जास्त टिकली आहे. पॉलिटेक्निकच्या मुलानं तीन वेळा भात घेतला आणि दहिवडीपर्यंत कुणाशी बोलला नाही.

पुसेगावजवळ नेरचा तलाव लागतो, येरळा नदीवरचा. पोरांनी माळावरून येताना असं भरलेलं पाणी पाहिलं नव्हतं. काठावर गुरं धुणाऱ्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, एवढा पाऊस कुठं झाला? तो हसला. “ह्यो पाऊस न्हाई. ही कृष्णा हाय.” कृष्णा तर डोंगरापलीकडे, साताऱ्याच्या अंगाला. तिचं पाणी जिहे-कठापूर योजनेतून पंपांनी उचलून, डोंगरातल्या बोगद्यातून या बाजूला आणतात. यंत्रमागवाल्या मुलीला हे पटेना. पाणी वर कसं चढेल? तिच्या घरी मोटर चार तास चालली की वीजबिलावरून भांडण होतं. इथं आख्खी नदी चढवतात म्हणजे बिल कोण भरतं? शेतकरी म्हणाला, “त्येच तर भांडान हाय.” आणि म्हशीच्या पाठीवर पाणी मारत राहिला.

तो डोंगर म्हणजे वर्धनगडाचा. सातारा-पंढरपूर रस्ता या गडाच्या पायथ्याच्या खिंडीतून जातो, आणि खिंडीतच पाणलोट बदलतो: पूर्वेकडचं पाणी येरळेला, पश्चिमेकडचं साताऱ्याच्या अंगानं कृष्णेला. शिवाजी महाराजांनी उभारलेला हा गड छोटा आहे, चढायला फार वेळ लागत नाही, पण त्याची जागा बघितली की तो कशासाठी आहे हे सांगावं लागत नाही. पंढरपूर-विजापूरकडून येणाऱ्याला साताऱ्यात शिरायचं तर याच दारातून. तटावर बसून पोरांनी दोन्ही बाजू पाहिल्या. मागे तपकिरी, मधेमधे हिरवे ठिपके असलेला खटाव. पुढे उसाचे पट्टे, आल्याची शेतं आणि लांबवर ढगांत बुडालेली सह्याद्रीची रांग. कॅमेरावाल्यानं दोन्हीकडचा फोटो एकाच चौकटीत बसवायचा प्रयत्न केला. बसला नाही.

खिंड उतरल्यावर वारा पडला. कोरेगावात जेवणात वाघ्या घेवड्याची उसळ आली. पट्ट्यापट्ट्यांचा हा राजमा, याच तालुक्याचा. त्यालाही मानांकन मिळालेलं आहे. खाणावळवाले काका सांगत होते की पुण्या-मुंबईत हा पंजाबी राजमा म्हणून खपतो, आणि हे सांगताना त्यांना राग होता की अभिमान ते कळलं नाही. तालुक्यातल्या वेळू गावाचाही विषय निघाला. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली पहिल्यांदा झाली तेव्हा ते गाव पहिलं आलं. चर खोदले, बांध घातले, आपल्या शिवारात पडलेलं पाणी शिवारातच मुरवलं. पंक्चरवाल्याचा प्रश्न सरळ होता: मग पंप कशाला? काका म्हणाले, “पडलं तर मुरवशील ना बाळा. पडलंच न्हाई तर?”

साताऱ्यात शिरण्याआधी कृष्णा आडवी येते. माहुलीला वेण्णा तिला मिळते. अलीकडे क्षेत्र माहुली, पलीकडे संगम माहुली. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ काळ्या दगडात, घाटाला लागून. पावसाळ्यात नदीचा रंग गढूळ चहाचा आणि घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली. याच माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. पेशव्याला तोंडावर शिक्षा सुनावणारे न्यायाधीश म्हणून पोरांना ते शाळेच्या पुस्तकातून माहीत होते. थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथंच, आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही. शिकारीत खंड्यानं महाराजांचा जीव वाचवला, मग त्याला पालखीचा मान मिळाला, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तीनशे वर्षांची राजकारणं ऐकताना जांभया देणारा गट खंड्याशी येऊन पूर्ण जागा झाला.

सातारा हे उताराचं गाव आहे. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेलं, त्यामुळे प्रत्येक रस्त्याला वर आणि खाली आहे. सोलापुरात पत्ता सांगताना चौक सांगतात. इथं “वरच्या रस्त्यानं जा, मग खाली उतरा” असं सांगतात. सायकलवाल्याला हे फार लवकर पाठ होतं. माणसं मऊ बोलतात, घाई नाही, पेन्शनरांचं गाव ही ख्याती अजून खरी वाटते. कंदी पेढ्याच्या दुकानात नमुना म्हणून हातावर आख्खा पेढा ठेवला. सोलापूरच्या पोरांना ही चाल वाटली. दोनदा विचारून, पैसे लागत नाहीत याची खात्री करून मगच त्यांनी तो खाल्ला.

अजिंक्यताऱ्यावर १६९९च्या अखेरीस औरंगजेब स्वतः चालून आला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी महिनोन्‌महिने गड लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यांतला एक असा फुटला की तट बाहेरच्या बाजूला, चढाईला उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला. अखेर एप्रिल १७००मध्ये गड पडला. आठ वर्षांनी, १२ जानेवारी १७०८ रोजी, शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला आणि गडाखाली शहर वाढत गेलं.

राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलपाशी मात्र मुलं आपणहून थांबली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत, तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये नोंदणी क्रमांक १९१४. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गेटवरच्या मामांनी सोलापूरच्या सायकली बघून विचारलं, “पायडल मारत आलाय? मग या आत.” सुट्टीची वेळ होती, मैदानात पोरं कबड्डी खेळत होती, आणि पॉलिटेक्निकचा मुलगा बराच वेळ त्या इमारतीच्या पायरीवर बसून राहिला. तो काय विचार करत होता ते त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी त्यानं आईला फोन करून फक्त शाळेचं नाव सांगितलं, तेवढं कानावर आलं.

याच शहरात १९२४मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था आणली. संस्थेची स्थापना आधी, १९१९ साली, काल्यात झाली होती. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवणार आणि राबून शिकणार, ही त्यांची पद्धत. सोलापूरच्या गटातले निम्मे जण सुट्टीत कुठं ना कुठं काम करतात; ‘कमवा आणि शिका’ त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

साताऱ्याच्या उत्तरेला, कृष्णेकाठच्या लिंब गावात, आमराईत एक विहीर आहे. वरून पाहिली तर जमिनीत उतरलेला वाडा वाटावा. विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, अष्टकोनी तोंड. एका वेळी बारा मोटा चालत म्हणून बारा मोटेची विहीर. जिना उतरून कमानीतून आत गेलं की मधे छोटा महाल, खांबांवर कोरीव काम, भिंतीत पायाखाली हत्ती दाबलेले वाघ. वर सगळीकडे थारोळ्यांच्या जागा आणि बैलांच्या धावेचा उतार अजून ओळखू येतो.

मोट म्हणजे काय, हे यंत्रमागवाल्या मुलीनं तिथल्या एका आजोबांना विचारलं. आजोबांनी हातवारे करून दाखवलं: बैल धावेवरून खाली जातात, नाडा ताणतो, चामड्याची मोट भरून वर येते, थारोळ्यात रिकामी होते, बैल मागे सरत वर येतात, मोट पुन्हा खाली. “दिसभर. बारा जोड्या.” मुलगी हिशेब करत राहिली. घरी ती मागाचे फेरे मोजते, तिला पुन्हा पुन्हा होणारी हालचाल मोजायची सवय आहे. या पाण्यावर ३,३०० झाडांची आमराई पोसली जात होती, असं सांगतात. मुलीचा निष्कर्ष झाला, की नेरच्या शेतकऱ्यानं सांगितलेली गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे. फक्त बैल बदलले.

पश्चिमेकडे वळल्यावर ढगात शिरलो. सज्जनगडाचा चढ पायडल मारत पूर्ण करणारे मोजके निघाले. बाकीच्यांनी सायकली हातात धरल्या, आणि त्याबद्दल कुणी कुणाला टोमणा मारला नाही. परळीचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७३ साली घेतला. समर्थ रामदास १६७६च्या सुमारास इथं राहायला आले, आणि १६८२च्या जानेवारीत इथंच त्यांनी देह ठेवला. वर राममंदिर, त्याच्या पोटात समाधी. दुसऱ्या दरवाज्यात फारसी शिलालेख आहे. मठाची वाट आदिलशाहीच्या दगडाला ओलांडून जाते, आणि त्यात कुणाला विचित्र वाटत नाही.

दुपारच्या पंगतीत गव्हाची खीर होती. गोंदवल्यात वाढपी आग्रह करतात. इथं शिस्त आहे, श्लोक झाल्याशिवाय पहिला घास नाही, ताटात टाकायचं नाही. पोरांनी मुकाट्यानं पाळलं. खीर मात्र दुसऱ्यांदा मागितली, आणि मिळाली.

जेवणानंतर कड्यावर आलो तेव्हा ढग फाटला आणि खाली उरमोडीचा जलाशय दिसला, डोंगरांच्या बेचक्यांत हात पसरून बसलेला. गडावरचे सेवेकरी दादा दाखवत होते: ही उरमोडी, वर भांबवलीकडनं येते, आणि हिचं पाणी कालव्यानं जाऊन वाठार किरोलीला पंपांवर चढतं, तिथून खटाव, माण. मुलगी एकदम म्हणाली, “म्हणजे मावशींच्या तिकडं?” दादांना कुठल्या मावशी ते कळलं नाही. ते म्हणाले, “व्हय व्हय, तिकडंच.” ज्या माळावर वाऱ्यानं आम्हाला मागे ढकललं होतं, तिथं जाणारं पाणी इथं पायाखाली उभं होतं. या खोऱ्यातल्या गावांनी धरणासाठी जमिनी दिल्या. दादांचं स्वतःचं जुनं घर पाण्याखाली आहे. हे त्यांनी चढ्या किंवा पडक्या आवाजात सांगितलं नाही. दिशा दाखवताना सांगितलं, तिथं त्या वळणावर.

ठोसेघरला आवाज आधी येतो. रस्त्याच्या कडेला कणसं भाजणाऱ्या बायका, चहाच्या टपऱ्या, पाय घसरेल म्हणून हात धरून चालणारी कुटुंबं, आणि या सगळ्याच्या मागे सतत गडगडणारं काहीतरी. मग दरीच्या काठावरच्या सज्जावर आलं की समोरच्या काळ्या कड्यावरून तारळी नदीची सुरुवात खाली पडताना दिसते. एक मोठी धार, बाजूला बारक्या धारांची रांग. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला हा कडा. प्रत्येक थराच्या काठावर पाणी आपटतं, फुटतं आणि अर्ध्या वाटेवर धूर होतं. तळ दिसत नाही. हीच तारळी पुढे उंब्रजला कृष्णेला मिळते.

नळदुर्गचा धबधबा माणसाच्या मापाचा आहे: मधल्या पाणीमहालात उभं राहून दोन्ही बाजूंची धार बघता यावी असा मुद्दाम आखलेला. इथं माणसाला जागाच नाही. सज्जाच्या कठड्यापलीकडे जाऊ नका, अशी पाटी आहे, आणि ती न पाळल्यानं सह्याद्रीतल्या धबधब्यांवर दरवर्षी माणसं जातात. पंक्चरवाला इतका वेळ गप्प होता की मित्रांना काळजी वाटली. शेवटी तो म्हणाला, “एवढं सगळं वाया चाललंय बे.” सोलापूरच्या माणसाचं पहिलं वाक्य हेच असणार. कणीस भाजणाऱ्या काकूंनी त्याला सरळ केलं: “वाया कुटं? खाली धरान हाय की. पीत न्हाईत व्हय लोक?” आणि कणसाला लिंबू-तिखट चोळून त्याच्या हातात दिलं.

पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. म्हसवडच्या माळावर ज्या वाऱ्यानं आमची दमछाक केली तो इथून उतरत येतो, आणि इथं त्याची वीज होते. धुक्यात पाती दिसत नाहीत. डोक्यावर कुठंतरी भसाभस आवाज होतो आणि क्षणभर एक पातं ढगातून खाली येऊन परत वर जातं. कॅमेरावाल्यांनी कॅमेरे बंद केले होते. काचेवर पाणीच पाणी.

यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचलो तेव्हा फुलांचा हंगाम नुकता लागत होता. जांभ्या दगडाचं हे पठार, वर बोटभर माती. मोठं झाड रुजूच शकत नाही, म्हणून इथं बारक्या फुलांचं राज्य. पांढऱ्या गेंदाचे ठिपके, निळसर सीतेची आसवं, कुठंकुठं तेरड्याचा गुलाबी पट्टा. सीतेची आसवं कीटक खाऊन जगतात हे ऐकल्यावर नावातला सगळा करुण रस संपला आणि पोरं गुडघ्यावर बसून किडे शोधू लागली. वायतुऱ्याची फुलं दाखवत गावच्या समितीतला तरुण म्हणाला, “ही आमच्या सातारची.” शास्त्रीय नावातही सातारा आहे, हे सांगताना त्याची मान ताठ झाली. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कासही आहे. तेव्हापासून गर्दी वाढली, आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं शुल्काच्या पावत्या फाडणं, वाट दाखवणं, प्लास्टिक वेचणं या कामाला लागली. पूर्वी इथं गुरं चरायची. गुरं आली की फुलं तुडवली जातात, असं काहींचं म्हणणं. गुरं थांबली की गवत माजून फुलं दबतात, असं दुसऱ्यांचं. तो तरुण दुसऱ्या बाजूचा होता, कारण गुरं त्याच्या घरची होती.

पठारापलीकडे कासचं तळं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या या तळ्यातून उघड्या पाटानं, नुसत्या उतारावर, पाणी डोंगर उतरून साताऱ्याला जात असे. पंप नाही, बैल नाहीत. यंत्रमागवाल्या मुलीनं वहीत पंप आणि बैलांशेजारी तिसरी आकृती काढली.

भांबवलीजवळच्या एका घरी जेवणाची सोय झाली. नाचणीची काळपट भाकरी, भात, पावट्याचं कालवण. ज्वारीपासून सुरू झालेला प्रवास असा काळ्या भाकरीवर आला. घरात आजी-आजोबा आणि एक नातू. बाकी सगळे मुंबईला. या खोऱ्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीचं काम करत आली आहेत. माणमध्ये पाऊस नाही म्हणून मुलगा कोइमतूरला, इथं पाऊस मावत नाही म्हणून मुलगा वाशीच्या बाजारात. आजोबांना ही तुलना सांगितली तर ते म्हणाले, पावसाचं काय, चार महिने दार उघडता येत नाही आणि मार्चमध्ये आजीला झऱ्यावर जावं लागतं. पाणी पडतं आणि निघून जातं. घराच्या मागच्या बाजूनं वजराईचा आवाज येत होता. तीन टप्प्यांत पडणारा हा धबधबा देशातला सर्वांत उंच, असं गाव मानतं. तोच उरमोडीचा उगम. जंगलातल्या जळवांना मीठ लावत मुलं तिथं जाऊन आली, चिंब, ओरडून घसा बसलेली.

परतताना साताऱ्याच्या स्टँडवर गटाचे दोन तट पडले. बहुतेकांना सायकली एसटीच्या टपावर टाकून घरी जायचं होतं. मुलीला मात्र वाठार किरोलीचे पंप बघायचे होते. पाणी चढताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती, आणि पंक्चरवाला तिच्या बाजूनं होता, कारण तिच्या मागच्या चाकावर त्याचा भरवसा नव्हता. पॉलिटेक्निकचा मुलगा मोटरचे हॉर्सपॉवर विचारून घ्यायच्या मिषानं त्यांच्यात सामील झाला. बाकीचे कंडक्टरशी सायकलींच्या भाड्यावरून घासाघीस करत होते. कंडक्टर म्हणत होता, “सोलापूरपास्नं इथवर पायडल मारत आलाय, मग आता काय झालं?” कॅमेरावाल्यानं खरं सांगितलं, की येताना वारं समोरून होतं आणि जाताना ते मागून असणार आहे, पण ढुंगणाला बसवत नाही. कंडक्टर हसला आणि एका सायकलीचं भाडं त्यानं कमी धरलं. तोवर ते तिघं कोरेगावच्या रस्त्याला लागलेही होते, वाऱ्याच्या दिशेनं, जोरात.